दोन आठवड्यांनी की चार? इसबाच्या इंजेक्शनमधलं अंतर कसं ठरतं

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, किंवा जे आज घाईत इअरफोन घरी ठेवून निघालेत, त्यांच्यासाठी हा भाग नेहमीसारखा इथे लिहूनही ठेवलाय.

आजचा विषय आहे इसब, म्हणजे एक्झिमा. कुठलं क्रीम लावायचं, वांगं खायचं की नाही, यातलं काही आज बोलणार नाहीये. आज एकच प्रश्न घेऊ. एखादं इंजेक्शन दर दोन आठवड्यांनी घ्यायचं ठरलेलं असेल, तर ते चार आठवड्यांनी घेऊन चालतं का? आठ आठवड्यांनी? आणि चालतं की नाही हे नेमकं कसं शोधतात?

आधीच सांगून टाकतो, मी डॉक्टर नाही. मी कोड लिहून पोट भरतो. पण हा प्रश्न माझ्यापर्यंत घरातूनच आला. माझ्या मावशीची मोठी मुलगी, आमची ताई, जर्मनीत असते. तिला लहानपणापासून इसब. गेल्या वर्षी तिचं इंजेक्शन सुरू झालं, दर दोन आठवड्यांनी एक. चार महिन्यांत त्वचा बरीच निवळली. मग तिथल्या डॉक्टर म्हणाल्या, आता महिन्यातून एकच घ्या. आनंद व्हायला हवा ना? ताईचा व्हॉट्सअ‍ॅपवर व्हॉइस मेसेज आला: "अरे, तू सगळं वाचत असतोस ना? मला सांग, निम्मं औषध म्हणजे निम्मा आराम का? मला ते जुने दिवस परत नकोत रे."

प्रश्न अगदी रास्त आहे. आणि त्याचं उत्तर "डॉक्टर सांगतात तर ऐक" इतकंच नाही. त्यामागे बरीच मोठी मेहनत आहे. तीच आज उलगडून बघू.

आधी आजार समजून घेऊ

ताईला आहे त्या इसबाचं वैद्यकातलं नाव अ‍ॅटोपिक डर्माटायटिस. कोपराच्या, गुडघ्याच्या घडीत, मानेवर, चेहऱ्यावर लाल चट्टे, कोरडी पडलेली त्वचा आणि खाज. खाज म्हणजे साधी नव्हे. रात्री झोपेत माणूस खाजवतो, सकाळी चादरीवर रक्ताचे डाग असतात. ज्यांच्या घरी हे आहे त्यांना वेगळं सांगायला नको. हा आजार संसर्गजन्य नाही, हेही एकदा मोठ्याने सांगतो, कारण अजूनही लोक बाजूला सरकून बसतात.

होतं काय, तर त्वचेची बाहेरची भिंत कमकुवत असते आणि आतली रोगप्रतिकारक यंत्रणा गरज नसताना भडकलेली असते. या भडक्यात पेशी एकमेकींना रासायनिक निरोप पाठवतात. त्यातले तीन निरोप आज आपल्याला लागतील: इंटरल्युकिन-४, इंटरल्युकिन-१३ आणि इंटरल्युकिन-३१. पहिले दोन सूज वाढवतात आणि त्वचेची भिंत आणखी ढिली करतात. तिसरा खाजेशी फार जवळून जोडलेला आहे.

सौम्य इसब असेल तर मॉइश्चरायझर आणि स्टेरॉइडचं मलम यावर भागतं. मध्यम ते तीव्र असेल तर भागत नाही. अशा रुग्णांना पूर्वी सायक्लोस्पोरिन किंवा मेथोट्रेक्सेटसारख्या गोळ्या द्यायचे. त्या सगळी प्रतिकारशक्तीच दाबतात, त्यामुळे किडनीवर, लिव्हरवर लक्ष ठेवावं लागतं. २०१७ मध्ये अमेरिकेत डुपिलुमॅब या इंजेक्शनला मान्यता मिळाली आणि चित्र बदललं. हे औषध म्हणजे एक अँटिबॉडी. ती सगळी यंत्रणा बंद करत नाही. इंटरल्युकिन-४ आणि १३ हे दोन निरोप जिथे पोचतात तो दरवाजा, म्हणजे रिसेप्टर, तेवढा अडवते. नंतर ट्रालोकिनुमॅब, लेब्रिकिझुमॅब, नेमोलिझुमॅब अशी भावंडं आली. नावं तोंडात बसत नाहीत, मान्य. पण आजच्या गोष्टीत तीच पात्रं आहेत.

दोन आठवडे हा आकडा आला कुठून?

ही औषधं गोळीच्या रूपात देता येत नाहीत. अँटिबॉडी म्हणजे मोठं प्रथिन, पोटात गेलं की पचून जाईल. म्हणून कातडीखाली इंजेक्शन. दर दोन आठवड्यांनी म्हणजे वर्षाला २६. चार आठवड्यांनी घेतलं तर १३. आठ आठवड्यांनी घेतलं तर सहा किंवा सात. प्रत्येक इंजेक्शन फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवायचं, प्रवासात सांभाळायचं, सुई टोचून घ्यायची, आणि पैसे मोजायचे. आपल्याकडे रोजच्या उपचाराचं औषध बहुतेक लोक स्वतःच्या खिशातून घेतात. त्यामुळे २६ आणि १३ यांतला फरक इथे नुसत्या सोयीचा राहत नाही. उपचार सुरू ठेवायचा की सोडायचा, हे त्यावर ठरू शकतं.

आता शरीरात औषध किती दिवस टिकतं ते बघू. फोनच्या बॅटरीचं उदाहरण घ्या. चार्ज केलात, मग हळूहळू उतरत जाते. पुढचं चार्जिंग कधी? बंद पडायच्या आधी. औषधाचंही तसंच. इंजेक्शननंतर रक्तातलं प्रमाण वाढतं, मग घटत जातं. पुढच्या डोसच्या आदल्या दिवशी ते सगळ्यात कमी असतं. ते कमीत कमी प्रमाणही काम भागवण्याइतकं हवं. प्रमाण निम्मं व्हायला जितका वेळ लागतो, त्याला हाफ-लाइफ म्हणतात. आपल्या रक्तातल्या नेहमीच्या आयजीजी अँटिबॉडींची हाफ-लाइफ सुमारे तीन आठवडे असते. प्रथिनाच्या मानाने हे फार आहे. कारण शरीरात एक रिसायकलिंगची सोय आहे. पेशी आजूबाजूची प्रथिनं आत ओढून पचवत असतात, पण तिथे एफसीआरएन नावाचा एक रिसेप्टर असतो. तो अँटिबॉडीला पकडतो, पचण्यापासून वाचवतो आणि परत रक्तात सोडून देतो. हे नाव लक्षात ठेवा, शेवटी कामाला येईल.

डुपिलुमॅबच्या सोलो-१ आणि सोलो-२ या दोन मोठ्या चाचण्या २०१६ मध्ये प्रसिद्ध झाल्या. त्यात एक गट दर आठवड्याला इंजेक्शन घेत होता, दुसरा दर दोन आठवड्यांनी, तिसऱ्याला प्लासिबो, म्हणजे दिसायला तसंच पण औषध नसलेलं इंजेक्शन. १६ आठवड्यांनंतर त्वचा साफ किंवा जवळजवळ साफ झालेले किती? सोलो-१ मध्ये दर आठवड्याच्या गटात ३७ टक्के, दोन आठवड्यांच्या गटात ३८ टक्के, प्लासिबोत १० टक्के. सोलो-२ मध्ये ३६, ३६ आणि ८.

म्हणजे दुप्पट इंजेक्शनं देऊन हाती जास्त काही लागलं नाही. सगळे दरवाजे आधीच अडवलेले असतील तर आणखी पहारेकरी आणून काय उपयोग? एका बाजूची मर्यादा इथे कळली. दुसऱ्या बाजूची मर्यादा, म्हणजे अंतर किती वाढवता येईल, ती अजून कळायची होती.

हे तपासायचं कसं?

इथे मला माझ्या कामातली गोष्ट आठवते. सर्व्हरवर एखादं काम दर पाच मिनिटांनी चालतंय. कुणीतरी म्हणतं, पंधरा मिनिटांनी चालवू, खर्च वाचेल. चालेल का? मीटिंगमध्ये बसून याचं उत्तर मिळत नाही. काही युजर जुन्या वेळेवर ठेवायचे, काही नव्या वेळेवर, आणि मोजायचं. औषधाच्या चाचणीतही मूळ कल्पना तीच, फक्त समोर माणसं असतात, म्हणून नियम कितीतरी कडक.

ही चाचणी दोन भागांत होते. पहिल्या भागात सगळ्यांना नेहमीच्या अंतराने औषध किंवा प्लासिबो देतात, साधारण १६ आठवडे. दुसऱ्या भागात फक्त अशी माणसं घेतात ज्यांना औषधाने चांगला गुण आला. त्यांच्यात पुन्हा चिठ्ठ्या टाकतात. काही जण जुन्याच अंतरावर, काही लांबवलेल्या अंतरावर, आणि काहींचं औषध पूर्ण बंद करून प्लासिबो. चार आठवड्यांच्या गटाला मधल्या वेळी खोटं इंजेक्शन देतात, म्हणजे कोण कुठल्या गटात आहे हे रुग्णालाही कळत नाही आणि तपासणाऱ्या डॉक्टरलाही नाही.

तुम्ही म्हणाल, बरं झालेल्या माणसाचं औषध काढून घेणं जरा क्रूरच ना? पण विचार करा. समजा चार आठवड्यांच्या गटात ७० टक्के लोक ठीक राहिले. हे चार आठवड्यांच्या डोसमुळे, की औषध नसतं तरी राहिले असते? औषध बंद केलेला गट असल्याशिवाय हे कळायला मार्गच नाही. अर्थात रुग्णाला याची आधी पूर्ण कल्पना देतात, त्याची संमती घेतात, आणि त्रास बळावला तर उपचार द्यायची सोय ठेवतात.

आणि "बरं" म्हणजे किती बरं? त्यासाठी ईझी नावाचा स्कोअर आहे, ० ते ७२. डोकं आणि मान, हात, धड, पाय असे शरीराचे चार भाग करून प्रत्येकात लाली किती, जाडी किती, खाजवल्याच्या खुणा किती हे मोजतात. सुरुवातीपेक्षा स्कोअर ७५ टक्क्यांनी खाली आला की त्याला ईझी-७५ म्हणतात. पुढचे आकडे ऐकताना एवढं पुरेसं आहे.

पहिला निकाल: अंतर वाढवलं आणि पकड सुटली

डुपिलुमॅबची ही चाचणी म्हणजे सोलो-कंटिन्यू. निकाल २०२० मध्ये आले. सोलो चाचण्यांत चांगला गुण आलेले ४२२ लोक, ३६ आठवडे. चार गट: जुनंच अंतर म्हणजे एक किंवा दोन आठवडे, मग चार आठवडे, आठ आठवडे, आणि औषध बंद.

शेवटी ईझी-७५ टिकवून ठेवलेले किती? जुन्या अंतरावर ७१.६ टक्के. चार आठवड्यांवर ५८.३. आठ आठवड्यांवर ५४.९. औषध बंद केलेल्यांत ३०.४.

जिन्याच्या पायऱ्यांसारखे आकडे आहेत. अंतर वाढवत गेलात की एकेक पायरी खाली. आठ आठवड्यांवरही निम्म्याहून जास्त लोक टिकले हे खरं, पण पहिल्या गटाच्या तुलनेत दर शंभरांत सोळा-सतरा जणांचा आराम गेला.

त्यात आणखी एक गोष्ट दिसली. आपलं शरीर कधी कधी औषधाच्या अँटिबॉडीलाच परकं समजतं आणि तिच्याविरुद्ध अँटिबॉडी तयार करतं. दर आठवड्याला औषध घेणाऱ्यांत हे प्रमाण १.२ टक्के होतं, दोन आठवड्यांवर ४.३, चारवर ६ आणि आठवर ११.७ टक्के. औषध सतत अंगात असलं की शरीराला त्याची सवय राहते. मध्ये मोठी फट पडली की ते पाहुण्यासारखं येतं आणि शरीर दारातच विचारपूस करतं. उपमा माझी आहे, आकडे चाचणीतले आहेत.

त्यामुळे प्रौढांच्या इसबासाठी डुपिलुमॅबचं ठरलेलं अंतर दोन आठवडेच राहिलं.

दुसरा निकाल: अंतर वाढवलं आणि काही बिघडलं नाही

आता ताईचं औषध, लेब्रिकिझुमॅब. युरोपात त्याला २०२३ मध्ये मान्यता मिळाली, अमेरिकेत सप्टेंबर २०२४ मध्ये. त्याच्या चाचण्या अ‍ॅडव्होकेट-१ आणि अ‍ॅडव्होकेट-२. दोन्हींत मिळून साधारण ८५० लोक. पहिले १६ आठवडे दर दोन आठवड्यांनी इंजेक्शन. ज्यांना गुण आला अशा २९१ जणांच्या पुन्हा चिठ्ठ्या: दोन आठवडे, चार आठवडे, किंवा बंद. मग ५२व्या आठवड्यापर्यंत वाट पाहिली.

त्वचा साफ किंवा जवळजवळ साफ राहिलेले: दोन आठवड्यांच्या गटात ७१.२ टक्के, चारच्या गटात ७६.९, औषध बंद केलेल्यांत ४७.९. ईझी-७५ बघितलं तर ७८.४, ८१.७ आणि ६६.४.

थांबा, चार आठवड्यांचा आकडा दोनपेक्षा जास्त? म्हणजे कमी औषधाने जास्त गुण? नाही हो. एकेका गटात शंभर-सव्वाशे लोक. इतक्या लोकांत चार-पाच टक्क्यांचा फरक नशिबानेही पडतो. नाणं शंभर वेळा उडवलं तर बरोब्बर पन्नास छापा कुठे येतो? या आकड्यांचा सरळ अर्थ इतकाच की दोन आणि चार आठवडे जवळपास सारखे निघाले. म्हणून आज या औषधाचा क्रम असाच दिलेला आहे: सुरुवातीला दर दोन आठवड्यांनी, गुण आला की महिन्यातून एकदा.

ताईला मी हेच सांगितलं. निम्मं औषध म्हणजे निम्मा आराम, हे गणित तिच्या औषधाला लागू नाही. तिच्या डॉक्टरांनी मनाने काही केलं नव्हतं, तपासून झालेल्या वाटेवरूनच त्या तिला नेत होत्या.

मग दोघांत फरक का?

इथे मला खरी मजा वाटली. दोन्ही औषधं एकाच भांडणात पडतात, तरी अंतर वाढवल्यावर वागणूक वेगळी. दोन वेगळ्या चाचण्यांचे आकडे शेजारी ठेवून "हे त्यापेक्षा भारी" असं म्हणता येत नाही. निवडलेली माणसं वेगळी, मोजायच्या तऱ्हा वेगळ्या. पण एक महत्त्वाचा धागा औषध शरीरातून कसं निघून जातं यात सापडतो.

डुपिलुमॅब पेशीवरच्या रिसेप्टरला चिकटतं, म्हणजे दरवाज्यावर उभं राहतं. पेशी अधूनमधून तो रिसेप्टर आत ओढून घेते आणि त्याला चिकटलेलं औषधही सोबत पचवून टाकते. रक्तात औषध भरपूर असतं तेव्हा ही गळती जाणवत नाही. प्रमाण कमी झालं की तीच गळती मोठी ठरते आणि घसरण वेगाने होते. शेवटच्या काही टक्क्यांवर आलेला जुना फोन बघता बघता बंद पडतो ना, तसं. नेहमीच्या दोन आठवड्यांच्या डोसनंतर औषध थांबवलं तर १० ते ११ आठवड्यांत ते रक्तात मोजण्याइतकंही उरत नाही.

लेब्रिकिझुमॅब दरवाज्यावर उभं राहत नाही. ते इंटरल्युकिन-१३ या निरोपालाच वाटेत पकडतं. त्यामुळे पेशींकडून होणारी ती गळती इथे नाही. त्याची हाफ-लाइफ साधारण साडेचोवीस दिवस, आणि प्रमाण एकसारख्या गतीने उतरतं. चार आठवड्यांनी पुढचा डोस येईपर्यंत बरंच औषध शिल्लक असतं.

बाकीच्या दोघांचंही थोडक्यात सांगतो. ट्रालोकिनुमॅबही इंटरल्युकिन-१३ लाच पकडतं. एकट्रा-१ आणि एकट्रा-२ या त्याच्या चाचण्यांत ५२ आठवड्यांनी ईझी-७५ टिकलेले, दोन आठवड्यांच्या गटात ५९.६ आणि ५५.८ टक्के, चार आठवड्यांच्या गटात ४९.१ आणि ५१.४, बंद केल्यावर ३३.३ आणि २१.४. म्हणजे लक्ष्य एकच असलं तरी इथे थोडी घसरण दिसली. म्हणून अमेरिकेत त्याची सूचना बेताची आहे: १६ आठवड्यांनी त्वचा साफ किंवा जवळजवळ साफ झाली असेल आणि वजन १०० किलोच्या आत असेल, तर चार आठवड्यांचं अंतर विचारात घेता येईल. वजनाचा संबंध काय? तेवढंच औषध मोठ्या शरीरात पसरलं की प्रमाण कमी पडतं.

नेमोलिझुमॅब हे खाजेच्या निरोपाचा, इंटरल्युकिन-३१ चा दरवाजा अडवतं. ते मुळात चार आठवड्यांनीच देतात, आणि १६ आठवड्यांनी त्वचा साफ किंवा जवळजवळ साफ झाली तर आठ आठवड्यांनी. बघा, हेसुद्धा रिसेप्टरवरच बसतं, तरी अंतर मोठं. म्हणून "दरवाजावालं औषध म्हणजे छोटं अंतर" असा सोपा नियम करून मोकळं होऊ नका. प्रत्येक औषधाची परीक्षा वेगळी घ्यावी लागते, आणि तिथले मार्क दुसऱ्याला देता येत नाहीत.

सहा महिन्यांतून एकदा?

आता पुढची पायरी. मघाशी एफसीआरएनची गोष्ट सांगितली, अँटिबॉडीला वाचवून परत रक्तात सोडणारा रिसेप्टर. शास्त्रज्ञांनी विचार केला, अँटिबॉडीच्या शेपटीत थोडा बदल करून तिला एफसीआरएनला आणखी घट्ट धरता आलं तर? शेपटीतले तीन अमिनो आम्ल बदलले की हे साधतं. या बदलाला वायटीई म्हणतात. हे नुसतं कागदावर नाही. लहान बाळांना आरएसव्ही या विषाणूपासून वाचवणाऱ्या निर्सेव्हिमॅबमध्ये हाच बदल आहे. त्याची हाफ-लाइफ सुमारे ७१ दिवस. आधीचं औषध हंगामभर दर महिन्याला द्यावं लागायचं, हे हंगामाला एकदा.

हीच युक्ती आता इसबात आली आहे. अमेरिकेतल्या अपोजी थेरप्युटिक्स या कंपनीचं एपीजी-७७७ हे इंटरल्युकिन-१३ पकडणारं औषध आहे, आणि त्यात हा बदल केलाय. एपेक्स नावाच्या दुसऱ्या टप्प्यातल्या चाचणीचे पहिल्या १६ आठवड्यांचे निकाल जुलै २०२५ मध्ये जाहीर झाले: ईझी-७५ गाठलेले ६६.९ टक्के, प्लासिबोत २४.६. चाचणीच्या पुढच्या भागात याच औषधाचा डोस तीन आणि सहा महिन्यांच्या अंतराने द्यायचं ठरवलेलं आहे. वर्षाला २६ ऐवजी दोन किंवा चार वेळा, कल्पना करा!

ऐकायला भारी वाटतं. पण इंजिनिअर म्हणून माझ्या मनात लगेच दुसरा प्रश्न येतो: परत फिरायचं झालं तर? आम्ही नवं व्हर्जन टाकलं आणि काही फुटलं तर दहा मिनिटांत जुनं परत आणतो. इंजेक्शन दिल्यावर ते काढून घेता येत नाही. जे औषध अंगात महिनोन्‌महिने टिकतं, त्याचा त्रास झाला तर तोही रेंगाळू शकतो. इंटरल्युकिन-४ आणि १३ च्या वाटेवर काम करणाऱ्या औषधांमुळे काही जणांचे डोळे लाल होतात, चुरचुरतात, हे माहीत असलेलं आहे. म्हणून अशा लांब पल्ल्याच्या औषधाला नुसता गुण दाखवून भागत नाही. बराच काळ, बऱ्याच लोकांत ते सुरक्षित आहे हेही दाखवावं लागतं. दुसऱ्या टप्प्यातला चांगला निकाल म्हणजे पुढे जायची परवानगी. सगळी शर्यत अजून बाकी असते.

आपण यातून काय घ्यायचं?

सगळ्यात महत्त्वाचं आता सांगतो, इथे जरा लक्ष द्या.

महागडं औषध चालू असलं की मनात येतंच: आता बरं वाटतंय, पुढचं इंजेक्शन दोन आठवडे पुढे ढकलू, तेवढेच पैसे वाचतील. मी समजू शकतो. पण तुमचं औषध कुठलं यावर या विचाराचं फळ अवलंबून आहे. एका औषधात महिन्याचं अंतर तपासून मान्य झालेलं आहे. दुसऱ्यात त्याच अंतराने दर शंभरांत दहा-तेरा जणांचा आराम गेला, आणि शरीराने औषधाविरुद्ध अँटिबॉडी करायचं प्रमाणही वाढलं. मित्राला चाललं म्हणून मला चालेल, हा हिशोब इथे बसत नाही.

दुसरं, या चाचण्यांत अंतर वाढवलं ते फक्त गुण आलेल्यांचं. लेब्रिकिझुमॅबच्या चाचण्यांत औषध घेणाऱ्यांपैकी निम्म्याच्या आसपास लोकच पुढच्या भागात पोचले. तुमची त्वचा अजून निवळलेली नसेल, तर हे आकडे तुमच्याबद्दल बोलतच नाहीयेत. आधी आग विझवायची, मग पहारा कमी करायचा. हा क्रम उलटा करू नका.

तिसरं, औषध बंद केलेल्यांतही बरेच जण टिकले, ४७.९ टक्के, हे ऐकून मोह होईल. पण त्याच गटात निम्म्याहून जास्त लोकांची साफ झालेली त्वचा टिकली नाही. तुम्ही कुठल्या निम्म्यात असाल हे आधी सांगणारी तपासणी आज दवाखान्यात मिळत नाही.

तर खर्चामुळे किंवा सुईच्या कंटाळ्यामुळे अंतर वाढवायचं मनात असेल, तर ते मनात ठेवू नका, डॉक्टरांसमोर बोला. लाज कसली त्यात? चार प्रश्न फोनमध्ये लिहून न्या. माझ्या औषधात मोठं अंतर तपासलेलं आहे का? माझी त्वचा त्या पातळीला आली आहे का? माझ्या वजनाला ते पुरेल का? आणि अंतर वाढवल्यावर त्रास परत आला तर आपण काय करायचं, किती दिवसांत तुम्हाला दाखवायला यायचं? चौथा प्रश्न बहुतेक लोक विचारायचे विसरतात, आणि गरज नेमकी त्याचीच पडते.

आणखी एक साधी गोष्ट. अंतर बदललं की दर आठवड्याला एकाच जागेचा, एकाच उजेडात फोनने फोटो काढून ठेवा, आणि खाज दहापैकी किती ते लिहा. "मागच्या महिन्यापेक्षा वाढलंय असं वाटतं" यापेक्षा आठ फोटो आणि आठ आकडे डॉक्टरांना जास्त उपयोगी पडतात.

कमी सुया, कमी खर्च, कमी कटकट, हे सगळ्यांनाच हवंय. आणि ते मिळायला लागलंय, कारण शेकडो लोकांनी आपल्याला कुठल्या गटात टाकलंय हे माहीत नसताना वर्षभर इंजेक्शनं घेतली. त्यातल्या काहींची खाज परतही आली. त्यांच्यामुळे आज एखादी डॉक्टर आपल्या रुग्णाला खात्रीने म्हणू शकते, "आता महिन्यातून एकदाच या."

आजच्यापुरतं इतकंच. हा भाग इसब असलेल्या एखाद्या मित्राला, मैत्रिणीला, किंवा तिच्या आईला पाठवा. प्रश्न असतील तर मला कळवा, मी वाचतो आणि जमेल तसं उत्तर देतो. फक्त "माझा डोस किती असावा" हे मला विचारू नका, ते तुमच्या डॉक्टरांनाच विचारा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!